पदराला शब्द

परुळेकरांचे ओठ सतत हलत असत. ड्रॉइंग बोर्डावर वाकलेले असताना, जेवणाचा डबा उघडताना, संध्याकाळी कंपनीच्या फाटकाबाहेर बसची वाट बघताना. आवाज नाही, नुसते ओठ. मी नोकरीला लागले तेव्हा मला वाटायचं, हा गृहस्थ नामस्मरण करतो. कपाळाला गंध नव्हतं की गळ्यात माळ नव्हती, पण पन्नाशीच्या कोकणी माणसाबद्दल असं वाटायला फार पुरावा लागत नाही. स्टोअरमधले डिसूझा म्हणायचे की परुळेकर दिवसभर मनातल्या मनात कोणाला तरी शिव्या घालतात. कोणाला ते कळत नाही, म्हणून आपण सगळ्यांनीच जपून असावं.

आमची कंपनी अंधेरीला, मरोळच्या अंगाला होती. पाण्याचे पंप बनायचे. गिरण्यांचा संप सुरू झाला त्या वर्षी मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले. माझ्या टेबलाच्या मागे काचेचं पार्टिशन आणि त्याच्या पलीकडे ड्रॉइंग ऑफिस. नकाशांच्या प्रिंट काढायच्या मशीनचा अमोनियाचा वास दुपारी माझ्यापर्यंत यायचा आणि डोळ्यांत पाणी आणायचा. परुळेकर तिथले मुख्य ड्राफ्ट्समन. उंच, किंचित वाकलेले, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात तीन पेन्सिली. महिनाभर ते माझ्याशी कामापलीकडे एक अक्षर बोलले नाहीत. मग एका शनिवारी, ऑफिस सुटायच्या वेळी, हातात एक कागद घेऊन टेबलापाशी उभे राहिले आणि म्हणाले की कंपनीचं काम नाही, नाही म्हणालात तरी राग नाही, पण एवढं टाइप करून द्याल का.

कागदावर इंग्रजी लिपी होती, पण भाषा इंग्रजी नव्हती. काही अक्षरांच्या डोक्यावर छोट्या टोप्या होत्या. मी विचारलं, फ्रेंच आहे का? ते म्हणाले, एस्पेरांतो. मी तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते, आणि हे त्यांना अपेक्षितच असावं, कारण त्यांनी लगेच समजावून सांगितलं. शंभरएक वर्षांपूर्वी एका डोळ्यांच्या डॉक्टरने ही भाषा बनवली. जगातल्या सगळ्यांना शिकायला सोपी पडावी म्हणून. नियम फक्त सोळा. अपवाद एकही नाही. नाम असेल तर शेवटी ‘ओ’ येणारच. भूतकाळ असेल तर क्रियापदाच्या शेवटी ‘इस’ येणारच. हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला होता, की घरी जायला उशीर होत असूनही मी तो कागद टाइप करून दिला. टोप्या माझ्या मशीनवर नव्हत्या. त्या त्यांनी स्वतः ड्रॉइंगच्या पेनाने, जिथल्या तिथे, भिंग लावून काढल्या.

पुढची पाच-सहा वर्षं मी ती भाषा टाइप करत होते. मला तिच्यातलं काही कळत नव्हतं. त्यांनी दोन-तीनदा शिकवू का म्हणून विचारलं. मी म्हणे, नंतर.

ते कोणाशी बोलत असत तेही मला हळूहळू कळलं. कोणाशीच नाही. तरुणपणी रद्दीच्या दुकानात त्यांना व्याकरणाचं एक पातळ पुस्तक मिळालं, त्यावरून ते ही भाषा शिकले. पत्रमित्र जोडले, मासिकं मागवली. पण ही भाषा बोलणारा एकही माणूस त्यांना मुंबईत भेटला नव्हता. वीस-बावीस वर्षं येत असलेली भाषा त्यांनी कधी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलीच नव्हती. विसरू नये म्हणून ते स्वतःशी बोलत. पंपाच्या नकाशावर रेघ ओढताना ते त्या रेघेचं वर्णन करत, डब्यात भेंडी असली तर भेंडीचं.

मी एकदा विचारलं की एवढं कशासाठी? ते बराच वेळ पेन्सिलीला टोक करत राहिले. मग सांगितलं की ते परुळ्याहून दहाव्या वर्षी मामाकडे मुंबईत आले, तेव्हा शाळेत त्यांच्या मालवणीला पोरं हसली. मालवणी सोडली तर पुस्तकी मराठीला शेजारी हसले. नोकरीत इंग्रजीला साहेब हसला. “या भाषेत सगळेच पाहुणे,” ते म्हणाले. “यजमान कोणीच नाही. हसणार कोण?”

त्यांचं दुसरं एक वाक्य ऑफिसात सगळ्यांना पाठ होतं. कोणी तक्रार घेऊन आलं, की ते नकाशावरून मान वर न करता विचारायचे, “स्केल काय धरलाय?” म्हणजे दुःख मुळात केवढं आणि तुम्ही काढून दाखवताय केवढं. अकाउंट्समधल्या लिमयांना या वाक्याचा फार राग यायचा. पण लिमयांचा मुलगा बारावीला नापास होऊन दोन दिवस घरी आला नाही, तेव्हा परुळेकरांनी हे वाक्य उच्चारलं नाही. ते सुट्टी टाकून लिमयांबरोबर कांदिवली ते विरारपर्यंतच्या नातेवाइकांकडे फिरले. मुलगा नालासोपाऱ्याला मावशीकडे सापडला. तिथेही परुळेकर दारातच थांबले, आत गेले नाहीत.

हंगेरीतल्या एका छोट्या गावातून एस्पेरांतोचं मासिक निघायचं. मार्ता नावाची एक शिक्षिका ते चालवायची. त्यात शेवटच्या पानावर देशोदेशीच्या म्हणी छापत, आणि मराठी म्हणी पाठवायचं काम परुळेकरांचं. ‘वरातीमागून घोडं’ पाठवली, तर मार्ताबाईंनी विचारलं की तुमच्याकडे घोड्याला लग्नाचं आमंत्रण असतं का. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ त्यांना इतकी आवडली की त्यांनी ती आपल्या शाळेच्या फळ्यावर लिहिली. अशी उत्तरं आली की परुळेकर ती मला मराठी करून वाचून दाखवत, आणि डिसूझाही मध्येच येऊन ऐकत.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला. बोरिवलीला पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दार उघडलं सुमतीकाकूंनी. बुटक्या, ठसठशीत, नऊवारी नाही पण पाचवारीच तशी करकचून नेसलेल्या. त्यांनी मला बघताच ओळखलं. “टायपिंग करतंस ती तूच मा गो? ये बस. माझ्या सवतीची अक्षरां तूच काढतंस.”

पण हे म्हणताना त्या हसत होत्या. बांगड्याचं तिखलं आणि भात जेवल्याशिवाय त्यांनी मला सोडलं नाही. मूलबाळ नव्हतं. भिंतीवर एकीकडे गणपती, दुसरीकडे जगाचा नकाशा, आणि नकाशावर जिथे जिथे पत्रमित्र होते तिथे लाल शाईचे ठिपके. काकूंचं माहेर मालवणचं, खाऊनपिऊन सुखी, घरची होडी. मुंबईतला नोकरीवाला म्हणून मुलगी दिली, आणि तो निघाला स्वतःशी बोलणारा. शेजारपाजारच्या बायकांनी सुरुवातीला बाहेरचं काही आहे का म्हणून विचारलंही होतं. काकू हे सगळं त्यांच्यासमोरच सांगत होत्या आणि परुळेकर खाली मान घालून काटे काढत होते.

“नियम सोळा,” काकू म्हणाल्या, “नि बोलणारो एकलो.” मग माझ्या ताटात आणखी भात वाढत, श्वास सोडल्यासारखं म्हणाल्या, “काय करतलंय? पदरात पडलां नि पवित्र झालां.”

ही म्हण आपण सगळेच ऐकत आलोय. जे वाट्याला आलं ते आता आपलं, त्याला नाव ठेवायचं नाही. पण काकूंच्या तोंडी ती उठता-बसता असायची. नळाला पाणी नाही आलं तरी, रेशनच्या तांदळात खडे निघाले तरी, आणि नवऱ्याचा विषय निघाला की हमखास. परुळेकरांना ती ऐकू येत असेल असं मला वाटत नव्हतं. आपल्या घड्याळाची टिकटिक आपल्याला ऐकू येत नाही तसं.

पण ती त्यांनी ऐकली होती. माझ्या लग्नानंतर वर्षाभराने ते एक दिवस टेबलापाशी आले आणि म्हणाले की या वेळी ही म्हण पाठवावी म्हणतो. पण अडचण आहे. पदराला शब्द नाही. युरोपातल्या बायका पदर घेत नाहीत, मग भाषेत तो येणार कुठून? कमरेला बांधतात त्या कापडाला शब्द आहे, मांडीला आहे, शालीला आहे. “पण पदर म्हणजे मांडी नाही,” ते म्हणाले. “तुम्हीच सांगा, पदराचं तुम्ही काय काय करता?”

मी हसले, पण सांगायला लागले तेव्हा माझं मलाच नवल वाटलं. डोक्यावरून घेतो. घाम पुसतो. गरम पातेलं उतरवतो. किल्ली बांधतो. मूल निजलं की त्याच्या तोंडावरची माशी हाकलतो. ओटी घेतो, देवळात प्रसाद घेतो. वडीलमाणसांच्या पाया पडताना दोन्ही हातांत धरतो. चुकलं तर पसरतो. ते भराभर लिहून घेत होते. शेवटी पेन थांबवून म्हणाले की एवढं सगळं एका शब्दात बसवणारा कारागीर कोण असेल.

त्यांनी कच्चा अनुवाद मार्ताबाईंना पाठवला. महिन्या-दीड महिन्याने उत्तर आलं. शब्दाबद्दल बाईंनी काहीच विचारलं नव्हतं. त्यांनी विचारलं होतं की ही म्हण सुखाची की दुःखाची? म्हणणारी समाधानी आहे, की तिने हार मानली आहे? ते कळल्याशिवाय क्रियापद निवडता येणार नाही.

परुळेकरांनी ऑफिसात विचारणा सुरू केली. लिमये म्हणाले, उघड उघड हार आहे. उपाय नाही म्हणून पवित्र म्हणायचं. डिसूझा म्हणाले, आमच्या घरी आजी हे म्हणायची ती हसत म्हणायची. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, म्हणणारीवर आहे. ते पटकन म्हणाले, “तेच तर.” त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की ते म्हणीबद्दल विचारत नाहीत. पंचवीस वर्षं बायको आपल्यालाच उद्देशून एक वाक्य बोलत आली, आणि तो शाप होता की आशीर्वाद हे आपल्याला माहीत नाही, हे त्यांना परदेशातल्या एका बाईच्या पत्रावरून कळलं होतं.

मी म्हटलं, काकूंनाच विचारा ना. ते म्हणाले, विचारतो. रोज सकाळी मी त्यांच्याकडे बघायची आणि ते मान हलवून नाही म्हणायचे. जगात कोणालाही पत्र लिहू शकणारा तो माणूस स्वतःच्या स्वयंपाकघरात जाऊन एक प्रश्न विचारू शकत नव्हता. उत्तर काय येईल याची त्यांना भीती होती. ती भीती रास्तही होती. काकूंना त्यांनी काय दिलं होतं? दोन खोल्या, नकाशा आणि बोलण्यातली कंजुषी.

मग काकू आजारी पडल्या. आधी नुसती भूक मेली, मग पोटात दुखायला लागलं, मग तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी परुळेकरांना एकट्याला आत बोलावलं. पोटातली गाठ पसरली होती. ऑपरेशनमध्ये उघडून पाहिलं आणि काही न करता टाके घातले. हे त्यांनी मला ऑफिसात सांगितलं ते एखादं माप सांगावं तशा आवाजात. तेव्हा लिमये पुढे झाले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

मी रविवारी हॉस्पिटलात जायची. काकू निम्म्या झाल्या होत्या, पण तोंड तसंच होतं. शेजारच्या खाटेवरच्या गुजराती बाईला त्या मालवणीतून माशांची नावं शिकवत, आणि ती बाई शाकाहारी असूनही शिकत होती. परुळेकर खाटेशेजारी स्टुलावर बसलेले असत. काकूंचं साडीतलं रूप मला माहीत होतं. हॉस्पिटलच्या झग्यात त्या मला परक्या वाटायच्या. त्यांनाही ते जाणवत असावं. अंगावर पांघरायला घरची एक जुनी सुती साडी आणायला लावली होती, आणि तिचं टोक त्या सारखं बोटांत धरून असत.

अशाच एका रविवारी दुपारी, मी मोसंबं सोलत होते, तेव्हा परुळेकरांनी विचारलं. कसलीही प्रस्तावना नाही. मला वाटतं मी तिथे होते म्हणूनच त्यांना विचारता आलं. एकट्याने झालं नसतं. त्यांनी मार्ताबाईंचं पत्र आलं इथपासून सांगितलं, क्रियापदाची अडचण सांगितली, आणि मग म्हणाले, “तू म्हणतेस ना, पदरात पडलं नि पवित्र झालं. ते तू दुःखाने म्हणतेस, की कसं?”

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मोसंब्याची फोड माझ्या हातात तशीच राहिली.

“पयल्यांदा रडान म्हटलंय,” त्या म्हणाल्या. “मगे सवयीन म्हणत गेलंय. खरां कधी झालां, तां माझां माकाच कळलां नाय.”

काकूंनी डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. पण मग डोळे न उघडताच म्हणाल्या, “ह्यां इचारूक तुमका परदेशातली बाय लागली?”

त्यात रागही होता आणि मायाही होती. परुळेकरांनी साडीचं ते टोक हातात घेतलं आणि त्यात तोंड लपवलं. मी उठून बाहेर व्हरांड्यात गेले.

त्यानंतर काकू तीन आठवडे होत्या. त्या तीन आठवड्यांत, गुजराती बाईने मला नंतर सांगितलं, दोघं सारखे बोलत असायचे. काय ते तिला कळायचं नाही, कारण ते मालवणीत बोलायचे. दहाव्या वर्षी सोडलेली मालवणी परुळेकरांनी तिथे पुन्हा तोंडात घेतली होती.

तेराव्यानंतर ते कामावर आले. टेबल झाडलं, कागद लावला, पेन्सिली लावल्या. सगळं पूर्वीसारखं, फक्त ओठ हलत नव्हते. आधी त्या हलण्याला हसणारे आम्ही सगळे आता पार्टिशनच्या काचेतून चोरून बघायचो, आज तरी हलतायत का. डिसूझांनी एकदा धीर करून म्हटलं की आमच्यासाठी एखादी म्हण पाठवा ना तिकडे. परुळेकर नुसते हसले. हंगेरीतून पत्रं येत होती. ती ते ड्रॉवरमध्ये ठेवत होते.

कोणी घरी भेटायला गेलं तरी तेच. लोक म्हणत, सुटली बिचारी, फार सोसलं, आता देवाची मर्जी. परुळेकर मान डोलवत. एकदा ते मला म्हणाले की मराठीत यावर बोलण्यासारखी सगळी वाक्यं लोकांनी आधीच बोलून ठेवली आहेत, मला एकही उरलेलं नाही.

पाच-सहा महिने असे गेले. मग पावसाळा संपता संपता त्यांनी मला एक कागद आणून दिला. नेहमीप्रमाणे मी न समजता टाइप करत गेले, पण एका शब्दावर माझी बोटं अडखळली. पदारो. मी वर पाहिलं. ते म्हणाले की शब्द नव्हता, म्हणून आपलाच दिला. शेवटी ‘ओ’ लावला की झालं, नियमात बसतो. म्हण एकाच ओळीची होती. खाली तळटीप मात्र पानभर होती. पदर म्हणजे काय, ते त्यात लिहिलं होतं. मी सांगितलेलं सगळं होतं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, “तुमचं थोडं. बाकी तिचं.” क्रियापदाचं काय केलंत, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. ते त्यांनीच सांगितलं. तळटिपीच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं की ही म्हण आधी रडून म्हणतात, मग सवयीने, आणि मग ती खरी होते. तेव्हा वाचकाने तीनदा वाचावी.

ते मासिकात जसंच्या तसं छापून आलं. आणि त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मार्ताबाई स्वतः आल्या. शिक्षकांच्या एका सहलीबरोबर त्या भारत पाहायला निघाल्या होत्या आणि मुंबईत त्यांना एक दिवस मोकळा होता. परुळेकरांनी मला आणि माझ्या नवऱ्याला घरी यायला सांगितलं. एकट्या पुरुषाच्या घरी परदेशी बाई, इमारतीत बोलतील, असं ते म्हणाले. पण मला वाटतं त्यांना वेगळीच भीती होती. ते ती भाषा कधी कोणासमोर बोललेच नव्हते.

मार्ताबाई साठीच्या, जाडसर, पांढऱ्या केसांचा आखूड बॉब. टॅक्सीतून उतरून तिसरा मजला चढताना त्यांना धाप लागली होती. दारातच त्या काहीतरी म्हणाल्या, हसून, दोन्ही हात पुढे करून. परुळेकरांचे ओठ हलले, पण सवयीप्रमाणे आवाज आलाच नाही. बाईंनी पुन्हा तेच वाक्य सावकाश म्हटलं. मग परुळेकरांच्या घशातून एक शब्द आला, मग दुसरा. बाईंनी टाळी वाजवली.

मी स्वयंपाकघरात गेले. काकूंच्या डब्यांवर अजून त्यांच्या हातच्या चिठ्ठ्या होत्या. चहा-साखर शोधायला वेळ लागला नाही. बाहेर येते तो ते दोघं जगाच्या नकाशाखाली समोरासमोर बसले होते आणि परुळेकर बोलत होते. मी त्यांना इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. एक वाक्य संपायच्या आत दुसरं. मला त्यातला एकच शब्द कळत होता, आणि तो सारखा येत होता: सुमती. बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला, आणि ते रडायला लागले. काकू गेल्या तेव्हा, स्मशानातून आले तेव्हा, दिवसकार्याला, ते रडल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. आता ते हुंदके देत होते आणि हुंदक्यांमधून बोलत होते, आणि बाई मध्ये मध्ये फक्त एक छोटासा शब्द म्हणत होत्या, आपण ‘हो’ म्हणतो तसा. माझा नवरा खिडकीबाहेर बघत राहिला. चहा गार झाला. मी तो परत गरम केला नाही.

संध्याकाळी बाईंना टॅक्सीत बसवून आल्यावर परुळेकर जिन्यात थांबले. चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. मला म्हणाले, “आज तिच्याबद्दल कोणाशी तरी बोललो, शैला. मराठीत जमलं नव्हतं.” तोपर्यंत ते मला ‘मिस’ किंवा ‘बाई’ म्हणायचे. नावाने त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा हाक मारली.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले आणि परुळ्याला धाकट्या भावाकडे राहायला गेले. जाताना शब्दकोश मला दिला. म्हणाले, माझा पाठ आहे. अधूनमधून कार्ड यायचं. माडांना पाणी घालतो, भावाच्या नातीला ती भाषा शिकवतोय, ती माझ्यापेक्षा जोरात बोलते, असं त्यात असायचं. मग एका मे महिन्यात भावाचं कार्ड आलं. दुपारी जेवून ओसरीवर आडवे झाले ते उठलेच नाहीत.

भावाने कार्डात विनंती केली होती की दादाची ती परदेशातली बाई आहे, तिला कोणी कळवेल तर बरं, आमच्यात ती भाषा नातीशिवाय कोणाला येत नाही आणि नात सात वर्षांची आहे.

मी शब्दकोश काढला. एवढी वर्षं जी भाषा माझ्या बोटांखालून गेली, तिच्यातलं पहिलं वाक्य मी स्वतः जुळवायला बसले. ‘मरणे’ शोधलं. शेवटी ‘इस’ लावलं. परुळेकर वारले. मग लिहिलं की ते आजारी नव्हते. मग लिहिलं की ते गावी होते, समुद्राजवळ. प्रत्येक शब्दाला पानं उलटत होते, माझा मुलगा येऊन काय करतेस विचारून गेला, कुकरच्या शिट्ट्या झाल्या. चार ओळी झाल्यावर लक्षात आलं की मी कोण, हे मी लिहिलंच नाही. बाईंना मी आठवेन की नाही, कोणास ठाऊक. चहा देणारी.

मी विचार करत बसले. त्यांची टायपिस्ट? ऑफिसातली सहकारी? मराठीत मी त्यांना काका म्हणायची, तेही घरी गेले तरच. तीस वर्षांनी मोठ्या, परक्या पुरुषाशी असलेल्या नात्याला आमच्या घरात, आमच्या ऑफिसात, याहून दुसरं नाव नव्हतं, आणि मलाही कधी त्याची गरज वाटली नव्हती. मी शब्दकोशाची पानं चाळत गेले. एक शब्द मिळाला, त्याला बाईचा प्रत्यय कसा लावायचा तेही शेवटच्या पानावर दिलेलं होतं. मी तो हळूहळू टाइप केला. मी एस्तिस लिया आमिकीनो.

मी त्यांची मैत्रीण होते.